गणितातून सूट देण्याआधी मुलांच्या हाती साहित्य द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की मुंबईतील अनेक घरांत एक धावपळ सुरू होते. मूल आठवी-नववीत पोहोचलेले असते, गणितात ते तिसरी-चौथीपासूनच मागे पडत आलेले असते, आणि शाळेने पालकांना बोलावून सुचवलेले असते की, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी करून अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र घेऊन या, म्हणजे दहावीला गणिताचे ओझे उतरेल. राज्य मंडळाच्या सवलतींनुसार अशा विद्यार्थ्याला बीजगणित आणि भूमितीऐवजी सातवीच्या स्तराचे अंकगणित व जोडीला कार्यानुभवाचा एक विषय घेता येतो. ही सवलत ज्यांनी पाठपुरावा करून मिळवली त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण दहावीच्या उंबरठ्यावर अडलेली कितीतरी मुले तिच्यामुळे पुढे गेली. परंतु मुंबईतील शाळांत विशेष शिक्षिका म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, जो उपाय सर्वांत शेवटी करायचा तो आपण सर्वांत आधी करू लागलो आहोत. ज्या मुलाला पहिलीपासून मोजायला, जोडायला, सुटे करायला, चाचपून पाहायला हाताशी काहीच मिळाले नाही, त्याला गणित जमत नाही हे आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

हाताळण्याचे साहित्य म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बालवाडीतील रंगीत मणी येतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून एक साधे उदाहरण जरा सविस्तर मांडते. ५२ मधून २७ वजा करायला सांगितल्यावर गणन अक्षमता, म्हणजे आकडे आणि हिशेब समजण्यातच अडचण, असलेली बरीच मुले उत्तर ३५ लिहितात. त्यांनी निष्काळजीपणा केलेला नसतो. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात आणि पाच लिहितात. दशकाच्या घरात पाचातून दोन काढून तीन लिहितात. त्यांच्या लेखी हे दोन स्वतंत्र हिशेब असतात, आणि ‘शेजारच्याकडून एक उसना घे’ असे शंभर वेळा सांगितले तरी तो एक उसना घेतल्यावर त्याचे दहा का होतात, हे त्यांना उमगत नाही. आता याच मुलासमोर आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे, रबरबँड लावलेले पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ मूल दोन गठ्ठे देते. मग सात सुट्या काड्या द्यायला जाते, तर जवळ दोनच असतात. ते थांबते, आपल्याकडे पाहते, आणि बहुतेक वेळा न सांगताच एका गठ्ठ्याचे रबर काढते. काड्या बाकावर पसरतात, त्या बारा होतात, त्यातून सात दिल्या की पाच उरतात आणि दोन गठ्ठे तसेच असतात. पंचवीस. दहाचा गठ्ठा सुटताना हाताला जे कळते, ते फळ्यावरच्या आकड्याला काट मारून कधीच कळत नाही.

मात्र काड्या दिल्या म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांशीही माझे तितकेच मतभेद आहेत. काही वर्गांत साहित्य आठवडाभर वापरून एकदम काढून घेतले जाते, तर काही वर्गांत मूल पाचवीतही काड्याच मोजत बसते. वस्तूपासून आकड्यापर्यंत जायला मधला एक टप्पा लागतो, तो चित्राचा. गठ्ठ्यासाठी एक उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी एक टिंब, एवढेच ते चित्र असते. मूल आधी काड्या हलवत हलवत शेजारी रेघा-टिंबे काढते, मग काड्यांशिवाय नुसत्या रेघा-टिंबांवर वजाबाकी करते, मग रेघा-टिंबांच्या बाजूला आकडे मांडते आणि शेवटी रेघा-टिंबे आपोआप गळून पडतात. हा प्रवास कोणाला आठवड्यात करता येतो, तर कोणाला वर्ष लागते, आणि कोणत्या मुलाला कोणत्या टप्प्यावर किती दिवस ठेवायचे हे ओळखणे हेच विशेष शिक्षकाचे खरे कसब आहे. माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा वगळला जातो तो हा मधला टप्पाच, आणि मग ‘साहित्य देऊनही मुलाला येत नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात उमटतो.

अंध विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर साहित्य हीच वही आणि तीच पेन्सिल असते. अंधशाळांत टेलर फ्रेम पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. अष्टकोनी छिद्रांच्या ओळी असलेली ही धातूची पाटी आणि त्या छिद्रांत बसणारे लहान खिळे, इतकेच तिचे स्वरूप. खिळ्याच्या एका टोकाला आडवी उंच कड असते, दुसऱ्या टोकाला दोन टोचणारे बिंदू असतात. खिळा आठ दिशांपैकी कोणत्या दिशेला वळवून बसवला यावरून अंक ठरतो आणि दोन्ही टोके धरून सोळा चिन्हे तयार होतात. बेरजेची उभी मांडणी, हातचा, बरोबरचे चिन्ह, सारे काही बोटांनी वाचता येते. या खिळ्यांचा एकच दोष म्हणजे ते पडतात, घरंगळतात आणि हरवतात. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

दुसरे साधन म्हणजे अबॅकस. सोरोबान या जपानी मण्यांच्या पाटीच्या धर्तीवर अंधांसाठी बनवलेल्या अबॅकसमध्ये मण्यांच्या मागे मऊ कापड लावलेले असते, त्यामुळे बोटाचा स्पर्श झाला म्हणून मणी सरकत नाही. प्रत्येक तारेवर खाली एककिमतीचे चार मणी आणि वर पाचाचा एक मणी. ४७ मध्ये ३८ मिळवताना मुलगी आधी दशकाच्या तारेवर तीन मिळवून चाराचे सात करते. मग एककाच्या तारेवर साताला आठ मिळवायचे तर जागा उरलेली नसते, म्हणून ती दशकात एक चढवते आणि एककातून दोन उतरवते, कारण आठ म्हणजे दहा वजा दोन. उत्तर ८५ तिच्या बोटाखाली तयार असते. या एका कृतीत पूरक संख्या, स्थानिक किंमत आणि हातचा असे तीन धडे एकत्र येतात. आज मुंबईत गल्लोगल्ली अबॅकसचे खासगी वर्ग चालतात, डोळस मुले पालकांच्या हौसेखातर स्पर्धेसाठी वेगाने हिशेब करायला शिकतात. त्याला माझी हरकत नाही. पण सर्वसाधारण शाळेत दाखल झालेल्या अंध मुलाला अबॅकस शिकवणारे त्याच इमारतीत कोणी नसते, हा विरोधाभास या शहराला बोचायला हवा.

अंध मुलांना भूमिती नको, कारण त्यांना आकृती दिसत नाही, असे अजूनही शिक्षकवर्गात बोलले जाते. तान्हेपणीच देवीच्या आजाराने दृष्टी गेलेले निकोलस सॉन्डरसन १७११ मध्ये केंब्रिज विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि तेही न्यूटन यांनी भूषवलेल्या, ल्युकेशियन नावाच्या मानाच्या प्राध्यापकपदावर. त्यांनी स्वतःसाठी छिद्रांची एक पाटी बनवली होती. तिच्यात टाचण्या रोवून ते हिशेब करीत आणि टाचण्यांभोवती दोरा गुंडाळून भूमितीच्या आकृत्या तयार करीत. आज ज्याला आपण जिओबोर्ड म्हणतो ते याहून वेगळे काय आहे? एका जाड फळीवर समान अंतरावर खिळे ठोकून त्यांना रबरबँड अडकवले की त्रिकोण, समांतर रेषा, क्षेत्रफळ, अगदी काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरील चौरसही चाचपता येतात. कागदावर आकृती काढायची तर रबरी मॅटवर कागद ठेवून काटेरी चाक फिरवावे लागते. पण त्याने उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो, म्हणजे कागद उलटला की डावी बाजू उजवीकडे जाते. हे ज्या शिक्षकाला माहीत नाही तो ‘कोन अबक’ डावीकडे शोधायला सांगतो आणि विद्यार्थी बिचारा उजवीकडे चाचपत राहतो. चूक शेवटी विद्यार्थ्याच्या नावावर जमा होते. ज्या प्लास्टिकच्या फिल्मवर त्याच बाजूला उठाव येतो ती फिल्म वापरली तर हा घोळ टळतो, आणि ती काही फार महाग वस्तू नव्हे.

साहित्य फक्त प्राथमिक वर्गांपुरते, या समजाला छेद देणारे उदाहरण बीजगणितातले आहे. क्ष वर्गासाठी एक मोठा चौरस, क्ष साठी त्या चौरसाच्या बाजूइतकी लांब आणि एक एकक रुंद पट्टी, आणि एकासाठी एक छोटा चौरस, अशा फोमशीटच्या फरशा कापून घ्याव्यात. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा छोटे चौरस एवढे सामान मुलाला देऊन त्यांचा एक अखंड आयत करायला सांगावे. थोड्या खटपटीनंतर आयत जुळतो आणि त्याच्या बाजू येतात क्ष अधिक दोन आणि क्ष अधिक तीन. नववी-दहावीतील अवयव पाडणे म्हणजे हेच. ऋण पदांसाठी फरशीच्या पाठीवर पॉलिश पेपर चिकटवला की अंध विद्यार्थ्यालाही चिन्ह हाताला लागते. येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते: क्ष ची पट्टी छोट्या चौरसांच्या नेमक्या पटीत कापू नये. तशी कापली तर चौकस मूल छोटे चौरस तिच्यावर मांडून ‘क्ष म्हणजे पाच’ असे सांगून मोकळे होते, आणि चल पदाची सारी कल्पनाच कोलमडते. बाजारातले तयार साहित्य घेताना हे पाहून घ्यावे.

कर्णबधिर मुलांची अडचण निराळी आहे. त्यांना आकडे येतात, कृती येतात, घोडे अडते ते शाब्दिक उदाहरणांवर, कारण तिथे भाषेची परीक्षा आधी होते. ‘रमेशकडे सीमापेक्षा चार पेरू जास्त आहेत’ हे वाक्य पेरू मांडून, अभिनय करून आणि खुणांच्या भाषेत सांगून दाखवले तर उदाहरण सुटते. फक्त शिक्षकाने एक पथ्य पाळावे. ऐकणारे मूल हाताने मणी सरकवत कानाने सूचना घेऊ शकते. कर्णबधिर मुलाचे डोळे एका वेळी एकतर मण्यांवर असतात किंवा शिक्षकाच्या हातांवर. म्हणून खूण करावी, थांबावे, मुलाला साहित्याकडे पाहू द्यावे आणि त्याने मान वर केल्यावरच पुढची खूण करावी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ या संख्यावाचनावरून महाराष्ट्रात किती गदारोळ झाला, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. त्याच्या निम्मी चर्चा जरी शिकवण्याच्या या रीतींवर झाली असती तरी खूप साधले असते.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा कमी, असलेल्या मुलाचा हात थरथरतो, त्याला बारीक मणी देणे म्हणजे त्याची चेष्टा करणे होय. मोठे लाकडी ठोकळे, त्यांच्या बुडाला लोहचुंबक आणि खाली पत्र्याचा ट्रे, एवढ्या व्यवस्थेने ठोकळे जागेवर राहतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नाणी, तराजू, मापे आणि घड्याळ हेच मुख्य पाठ्यपुस्तक आहे, आणि ती नाणी खेळण्यातली असू नयेत. वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे आणि दहा रुपयांचे गोल नाणे यांतला फरक खरे नाणे हातात घेऊनच कळतो. खोट्या नाण्यांवर शिकलेले मूल वाण्याच्या दुकानात पुन्हा गोंधळते.

या सर्वांवर नेहमीचा आक्षेप असा की, साठ मुलांच्या वर्गात हे लाड परवडत नाहीत आणि बाकीच्या मुलांचा वेळ जातो. हा आक्षेप घेणाऱ्यांना या साहित्याचा इतिहास ठाऊक नसावा. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये आधी काम केले ते बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत, आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी तयार केलेली साधने त्यांनी पुढे नेली. १९०७ मध्ये त्यांची ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू झाली तेव्हा तेच साहित्य इतर मुलांच्या हाती गेले. म्हणजे आज मुंबईतील महागड्या शाळा जे मॉन्टेसरी साहित्य माहितीपत्रकात मिरवतात, त्याचे मूळ अपंग मुलांच्या वर्गात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती पद्धत बोर्डी-कोसबाडला नेताना शिंपले, बिया आणि खडे असे आसपासचे साहित्य वापरले. चिंचोक्यांनी गणित शिकवायला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. साठ मुलांच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे सर्वांनाच द्यावेत. त्याने कोणाचेही नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

खरी अडचण कुठे आहे, तर ती बहुतेकदा कपाटात आहे. समग्र शिक्षा अभियानातून किंवा एखाद्या संस्थेकडून देणगी म्हणून साहित्याचे संच शाळेत येतात. ते डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतात आणि त्यांची जबाबदारी एका शिक्षकाच्या नावावर पडते. टेलर फ्रेमचे चार खिळे हरवले किंवा ठोकळ्यांच्या संचातले दोन ठोकळे कमी झाले तर तपासणीच्या वेळी उत्तर कोण देणार, या धास्तीने संच खोक्यातून बाहेरच निघत नाही. शिवाय मुंबईत एकाच इमारतीत दोन पाळ्यांत दोन शाळा भरतात, दुपारी वर्ग दुसऱ्यांच्या ताब्यात जातो, त्यामुळे साहित्य बाकावर मांडून ठेवणे शक्य नसते आणि रोज काढून रोज आवरण्यात अर्धी तासिका संपते. मी काम केलेल्या एका शाळेत अबॅकसचा संपूर्ण संच प्लास्टिकच्या मूळ वेष्टणात होता आणि वर्षातून एकदा, साहित्य प्रदर्शनाच्या दिवशी, टेबलावर मांडला जाई. प्रदर्शनातील चमकी लावलेल्या तक्त्यांबद्दल न बोललेलेच बरे. ज्या साहित्याला मुलाने हात लावला तर शिक्षिका ओरडते, ते साहित्य नव्हे, ती सजावट होय. उपाय साधा आहे. खिळे, मणी, काड्या, रबरबँड, फिल्म हे सारे खडूप्रमाणे वापरून संपणारे साहित्य मानावे, त्याची दरवर्षी नव्याने खरेदी व्हावी आणि हरवल्याबद्दल शिक्षकाला कोणी जाब विचारू नये. दोन पाळ्यांच्या शाळांत प्रत्येक वर्गाला चाकांची एक ट्रॉली दिली तरी मांडामांडीचा प्रश्न बराच सुटेल.

कायद्याची बाजू भक्कम आहे, हे मुद्दाम नमूद करते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमतांचा समावेश असून विशिष्ट अध्ययन अक्षमतांच्या व्याख्येत गणन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे वयापर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य आणि सहायक साधने मोफत देणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे काम आहे. आठ माध्यमांच्या शाळा चालवणारी मुंबई महापालिका त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतील अशा मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. परीक्षेबाबत केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टेलर फ्रेम, अबॅकस, भूमितीचा संच आणि ब्रेल मोजपट्टी वापरू देण्याची तरतूद केली गेली. ज्या साधनावर परीक्षा द्यायची ते साधन वर्षभर हातात नसेल तर त्या तरतुदीचा उपयोग काय? गणन अक्षमता असलेल्या मुलाला आपण कॅल्क्युलेटर देतो. तो हिशेब करून देतो, पण गुणायचे की भागायचे हे सांगत नाही, आणि मुलाचे नेमके तिथेच अडते. म्हणून चाचणी आणि सत्र परीक्षांत तरी अशा मुलांना काड्यांचे गठ्ठे, अपूर्णांकांच्या पट्ट्या किंवा कच्च्या पानावर रेघा-टिंबे वापरू द्यावीत, अशी माझी सूचना आहे.

प्रशिक्षणाविषयी थोडेच लिहिते. एका दिवसाच्या कार्यशाळेत चहा आणि पीपीटी दाखवून हे कौशल्य येत नाही. आपल्याच शहरात मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गणिताच्या अध्यापनावर काम करते, वांद्र्याला वाणी व श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय अली यावर जंग संस्था आहे, दादरला शतकाहून जुनी अंध मुलींची शाळा आहे. सर्वसाधारण शाळांतील गणिताच्या शिक्षकांना अशा ठिकाणी प्रत्यक्ष वर्गात बसवावे, स्वतः डोळे बांधून टेलर फ्रेमवर भागाकार करायला लावावा, आणि नंतर वर्षभर कोणीतरी अनुभवी शिक्षक त्यांच्या वर्गात येऊन पाहील अशी व्यवस्था करावी.

शेवटी राज्य मंडळाला आणि शिक्षण विभागाला एक विनंती. गणिताच्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत जातो, तेव्हा त्यासोबत शाळेने एक पानी माहिती भरून द्यावी: या विद्यार्थ्यासोबत कोणते साहित्य, कोणत्या इयत्तेत, किती काळ वापरले आणि तो कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचला. या माहितीवर मुलाची सवलत अवलंबून ठेवू नये. पालकांना आणखी एका कागदासाठी खेटे घालायला लावण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पान कोरे आले तरी विद्यार्थ्याला सवलत मिळावी, मात्र ज्या शाळांची पाने वर्षानुवर्षे कोरी येतात त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांनी भेट द्यावी, त्यांचे कपाट उघडायला लावावे आणि पुढच्या जूनमध्ये त्याच शाळेच्या पहिलीच्या वर्गात पुन्हा जाऊन पाहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका,
परळ, मुंबई